मामंजी कशासारखे होते

कोकबुलाक, १९ एप्रिल १९७३

राउशान,

सासूबाई ठीक आहेत, मेंढ्या व्यायला लागल्या आहेत, मीही ठीक आहे. माझं तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. थोरल्या जावेनं धाकटीला आधी पत्र टाकायचं, असे दिवस आले आहेत. मी आपणहून लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. सासूबाईंनी बसवलंय. त्या समोर लोकर पिंजताहेत आणि मध्येच मान वर करून विचारताहेत, "लिहिलंस का, गोडीनं लिही हं बातिमा." मी म्हणते, "गोडीनंच लिहितेय, आई." त्यांना वाचता येत नाही हे एक बरं.

आता बसलेच आहे तर माझं एक काम आहे, ते आईंना माहीत नाही. ऑक्टोबरात मामंजींचं वर्षाचं जेवण. त्या दिवशी शेवटचा विलाप म्हणायचा आणि मग रडणं बंद करायचं. म्हणायचा कुणी? सासूबाईंचा आवाज गेल्या हिवाळ्यातच बसला. वन्संना दुसऱ्या ओळीला उचकी लागते. तू तर दफनालाही नव्हतीस. बाळंतीण होतीस, त्याला कुणाचा इलाज नाही, मी काही बोललेले नाही. राहिले मी.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मीच म्हटला होता. सिंहासारखे होते, डोंगरासारखे होते, पोलादासारखे होते, असं सगळं म्हटलं. त्यात खोटं काय होतं? पण मागे बसलेली एक म्हातारी दुसरीच्या कानात म्हणाली, "अगं, गेलंय कोण नक्की?" मला ऐकू आलं. सासूबाईंनाही आलं.

दुसऱ्या घरांना सोय असते. कुठलाही म्हातारा मरो, त्याला त्या पक्ष्यासारखा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तोच, जो शिकाऱ्याच्या मनगटावर बसतो आणि ज्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी असते. आपल्याला ते बंद. मामंजींचं नावच त्या पक्ष्याचं. सुनेनं सासरच्या कुणाचंच नाव घ्यायचं नाही, सासऱ्याच्या तर नावातला शब्दही घ्यायचा नाही. सव्वीस वर्षं मी त्याला टोपीवाला म्हणत आलेय. कालच एक कोकरांवर घिरट्या घालत होता, तेव्हा मी काठी घेऊन "टोपीवाला, टोपीवाला" ओरडत धावले. सरकारी शेतावरचा नवा डॉक्टर तिथून जात होता. त्याला वाटलं, टोपी घातलेला कुणी चोर आलाय. तोही माझ्याबरोबर धावला.

तेव्हा तू चार-दोन ओळी लिहून पाठव. तुझ्याकडे 'जणू' आणि 'सारखं' यांची पोती भरून ठेवलेली असतात. तू सून होऊन आलीस त्या महिन्यातच घरातल्या सगळ्यांना नावं शोधून दिलीस, आणि दोन वर्षं झाली तरी गाव तीच नावं वापरतंय. चुलतसासऱ्यांना तू 'बांधलेला उंट' म्हणालीस, कारण ते पाठीमागे हात घेऊन एकाच जागी उभे राहतात आणि नुसतं तोंड हलवतात. आता पोरंटोरं काय, टपालवालासुद्धा विचारतो, "बांधलेला उंट घरी आहे का?" वन्संना 'उतू जाणारं दूध' म्हणालीस. त्यांचा नवरा चारचौघांत "दुधा, इकडे ये" म्हणतो आणि त्या लाजतात, या वयात.

मी आले तेव्हा मलाही नावं शोधावी लागली होती. मी थोरले चुलते, धाकटे चुलते आणि वन्सं म्हटलं. कुणाचा घोटाळा झाला नाही, कुणाला राग आला नाही, कुणी लाजलं नाही. पण ते कुणाच्या लक्षात राहतंय?

ओळी लवकर पाठव.

बातिमा


उन्हाळी कुरणावरून, ११ जून

राउशान,

तुझं पत्र आलं. बाळाचा फोटो सासूबाईंनी खोगिराच्या पिशवीत ठेवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. कान आपल्या घरचे आहेत.

आता तुझ्या त्या ओळी. वाचल्या आणि खरं सांगते, अंगाचा तिळपापड झाला. चौऱ्याऐंशी वर्षांचा मानाचा माणूस, त्याच्यासमोर तालुक्याचे साहेब उठून उभे राहायचे, आणि तू त्याला म्हणतेस घोड्याच्या पोटाखालचा पट्टा!

"खोगीर पाहिलं सगळ्यांनी, लगाम पाहिला सगळ्यांनी,
पोटाखालचा पट्टा पाहिला का कुणी?
तो सुटला तेव्हा कळलं,
बसलो होतो कशाच्या जोरावर."

हा काय मान झाला? मी ठरवलं होतं की म्हणायचंच नाही. पण दूध काढताना तोंडात आपोआप आलं. सासूबाई पलीकडच्या घोडीला दोहत होत्या. त्यांचे हात थांबले. घोडीनं पाय आपटला तरी त्या उठल्या नाहीत. मग डोक्याच्या फडक्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "पुढे?"

मी म्हटलं, "पुढचं अजून व्हायचंय."

त्यांनी विचारलं, "तूच केलंस?"

मी घोडीकडे बघून "हं" म्हटलं. 'हं'चा काय अर्थ घ्यायचा तो ज्यानं त्यानं घ्यावा.

खरं काय झोंबलं ते सांगू का? तो पट्टा रोज मी आवळते. घोडा माझ्या हाताखालचा, पट्टा मी विणलेला, थंडीत बोटं माझी फुटतात. सव्वीस वर्षं तो माझ्या हातात आहे आणि मला त्यात पट्ट्याशिवाय काही दिसलं नाही. आणि तू तिकडे करागंडाच्या कोळशाच्या धुरात, चौथ्या मजल्यावर बसून, खिडकीतून घोड्याची शेपटीसुद्धा दिसत नसताना, तुला त्यात मामंजी दिसतात. हा कुठला न्याय? मामंजींना उठवलं मी, भरवलं मी, शेवटच्या महिन्यात कूस बदलायला मीच होते. ते कशासारखे होते हे मला कळायला हवं होतं.

दुसरी ओळ, ती राखेखालच्या निखाऱ्याची, तीही पोचली. निखाराही रोज मीच झाकते, हे तुझ्या माहितीसाठी.

इथे लोक अजून म्हणतात की तू माझ्यामुळे गेलीस. लोकांना काय, जिभेला हाड नाही. तुझ्या नवऱ्याला खाणीवर लॉरी मिळाली म्हणून तुम्ही गेलात. आपल्यात एवढंच झालं की त्या मेंढ्यांच्या कातरणीच्या दिवशी सगळे चहाला बसले होते आणि तू नव्या कुत्र्याच्या पिल्लालासुद्धा नाव दिलंस. मी आपलं गमतीनं विचारलं, "सगळ्यांना झालं, मी कशासारखी गं?" हात दाखवून अवलक्षण! तू माझ्याकडे बघितलंस, बराच वेळ बघितलंस, आणि म्हणालीस, "तुमचं काही सुचत नाही, जाऊबाई." सगळे हसले. बांधलेला उंट सगळ्यात मोठ्यानं हसला. पिल्लाला सुचलं, मला नाही.

मी त्या हिवाळ्यात तुझ्याशी बोलले नाही, हे खरं आहे. पण तुला जा म्हटलं नव्हतं.

आपल्याकडे म्हणतातच की जावाजावांचं पटलं तर पातेल्यात अन्न उरतं. सासूबाई हे रोज एकदा म्हणतात आणि माझ्याकडे बघतात.

तिसरी ओळ पाठव. दोनावर विलाप होत नाही.

बातिमा


कोकबुलाक, २ सप्टेंबर

राउशान,

तिसरी ओळ मिळाली. ताज्या बर्फात पुढे गेलेल्या घोड्याच्या खुरांची. बरी आहे.

तू लिहितेस की जेवणाला तू येणार, बाळाला घेऊन, आणि मामंजींसाठी एकदाही रडायला मिळालं नाही ते रडणार. ते समजलं. पण येऊ नकोस. मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय. गावात गोवर आलाय. घरोघर पोरं तापानं फणफणली आहेत, अंगावर पुरळ, डोळे लाल. एवढंसं बाळ घेऊन अशा ठिकाणी येणं शहाणपणाचं नाही. तुझ्या नवऱ्याला एकट्याला पाठव. बापाच्या जेवणाला मुलगा नसला तर कसं दिसेल? सून नसली तरी चालतं. एक सून इथे आहेच.

सासूबाईंना तू येणार हे मी अजून सांगितलेलं नाही. उगाच त्यांनी आस लावून बसायला नको.

माझ्या मनात काय असणार? काही नाही. पाहुणे तीन गावांचे येणार आहेत, दोन घोडे कापायचे, बौरसाकाचे पिठाचे गोळे तळायला नऊ जणी सांगितल्यात. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तशी वन्संच्या सासरची मंडळी चार दिवस आधीपासून येऊन बसणार. त्यात तू आलीस की सगळ्या तुझ्याभोवती. "राउशान, हिला नाव दे, राउशान, त्याला नाव दे." मग विलापाला उभं राहायचं कुणी? लोक तुझ्याकडेच बघणार ना. तू काही बोलली नाहीस तरी बघणार. मला ते आत्ताच दिसतंय.

हे लिहितेय तोवर बाहेर चार पोरांनी धिंगाणा घातलाय. वासरावर बसून पळताहेत, माझं दुधाचं मडकं फोडलं मेल्यांनी. चौघंही अगदी ठणठणीत आहेत. म्हणजे, ही चौघं अजून वाचली आहेत. बाकीच्यांना आहे गोवर.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस, "जाऊबाई, त्या दिवशी तुम्हाला राग आला. पण मला खरंच तुमच्यासारखं दुसरं काही दिसलं नव्हतं." हे वाचून मी पीठ मळायला गेले. मळता मळता वाटलं, ही अजून टोचतेय. दुसरं काही दिसलं नाही म्हणजे काय? खडासुद्धा दुसऱ्या खड्यासारखा असतो. मीच तेवढी कशासारखी नाही? एवढी कशी मी ओसाड?

आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, चांगलं म्हणतेय ती." ह्यांना काय कळतंय! ह्यांना तू 'भिंतीला टेकलेली काठी' म्हणाली होतीस आणि हे खूश झाले होते.

येऊ नकोस.

बातिमा


कोकबुलाक, २० ऑक्टोबर

राउशान,

जेवण झालं. तुझे ते एकटेच आले, हे तुला माहीतच आहे. लॉरीतून उतरले, अंगणात दोन डझन पोरं लोळत होती, त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "वहिनी, गोवर बरा झाला वाटतं." मी म्हटलं, "हो, लवकर गेला." मग त्यांनी बाळाचे दोन नवे फोटो आईच्या हातात दिले आणि लाकडं फोडायला गेले. त्यांनी घरी येऊन तुला सांगितलंच असेल. नसेल सांगितलं तर मी सांगते. गोवर नव्हता. तू यायला नको होतीस म्हणून मी लिहिलं.

आता विलापाचं ऐक. ते तुला दुसरं कुणी नीट सांगणार नाही, कारण इथे अजून कुणी त्याबद्दल मोठ्यानं बोलत नाही.

दुपारी, मांस वाढायच्या आधी, बायका एका बाजूला बसल्या, पुरुष दुसऱ्या. मी उभी राहिले. हात कमरेवर ठेवले, जसे ठेवायचे तसे, आणि पट्ट्यापासून सुरुवात केली. 'तो सुटला तेव्हा कळलं' म्हटलं आणि बायका रडायला लागल्या. चाळिसाव्याची ती म्हातारी सगळ्यांत आधी. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की रडू यायच्या ऐवजी हसू येईल की काय, असं झालं. माझ्या तोंडून असं कधी कुणी रडलेलं नाही.

मग निखारा घेतला. आणि तेवढ्यात वन्सं, उतू जाणारं दूधच ते, कुठे थांबणार, गळा काढून म्हणाल्या, "अगं बाई, अगदी राउशानसारखं!"

झालं. वाऱ्यासारखं पसरलं ते. "राउशानच बोलतेय जणू." "हो गं, डोळे मिटले तर राउशानच." सासूबाई मान हलवत होत्या. त्यांना केव्हाच कळलेलं होतं, पहिल्या दिवशी दूध काढतानाच. त्यांनी मला तसं कधी जाणवू दिलं नाही, एवढंच.

मी तुला चारशे कोस लांब ठेवलं, बाळावर गोवर घातला, आणि तू तिथे माझ्याच तोंडात येऊन बसलीस. मी उभी, आवाज माझा, आणि रडं तुझ्यासाठी. तुला काय सांगू मला काय झालं! तिसरी ओळ, ती खुरांची, ओठांवर होती. ती मी गिळली. म्हटलं, मेले तरी हिची आणखी एक ओळ म्हणणार नाही. माझं काहीतरी म्हणेन. माझे सासरे होते. मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. सिंह नाही, डोंगर नाही. आणि मग आतून जे आलं ते मी अडवू शकले नाही.

मी म्हणाले, "बुर्कितासारखा होता माझा सासरा."

हो. तोच शब्द. टोपीवाला नाही.

राउशान, पुरुषांनी माना खाली घातल्या. वन्संची उचकी थांबली. आमचे हे भिंतीला टेकून होते, ते सरळ उभे राहिले. सव्वीस वर्षांची सून, तिन्ही गावांपुढे, वर्षाच्या जेवणाला, सासऱ्याचं नाव घेऊन बसली. लग्न होऊन आठवडा झालेली पोरगीसुद्धा ही चूक करत नाही. बांधलेला उंट एकदाचा हलला. म्हणाला, "सुनेनं मर्यादा सोडली! एक मेंढी दंड!"

मला वाटलं, जमिनीत गडप व्हावं.

तेव्हा सासूबाई बोलल्या. आवाज बसलेला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"माझ्या कळपातली घे मेंढी. दोन घे. बातिमा, पुन्हा म्हण."

मला कळेना की हे रागानं आहे की कसं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या ओठांकडे बघत होत्या.

"पुन्हा म्हण गं. पुरतं म्हण."

मी म्हटलं, "बुर्कितबाय." मग आणखी एकदा म्हटलं. मग मला थांबताच येईना. तोच विलाप झाला, दुसरं काही नाही. नुसतं नाव. आणि सासूबाई रडल्या. वर्षभर रडत होत्या, पण अशा नव्हत्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "सोळा वर्षांची होते, तेव्हा ह्या घरात आले. 'अहो' म्हटलं, 'घरधनी' म्हटलं, 'पोरांचा बाप' म्हटलं. मनातसुद्धा नाव घेतलं नाही कधी. त्यांना पुरलं तेव्हा मुल्लानं घेतलं, तेव्हा मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला पुरताहेत. मी तर ह्या नावाच्या माणसाला ओळखतच नव्हते."

मी म्हटलं, "आई, राउशाननं किती सुंदर केलं होतं. मी सगळं बिघडवलं." हे मी म्हटलं, तुझं नाव माझ्या तोंडून निघालं, नोंद करून ठेव.

त्या म्हणाल्या, "तिचं सुंदरच आहे. ती पोर सोन्याची आहे. पण बघ ना, नाव घेता आलं असतं तर आपल्याला 'सारखं' आणि 'जणू' लागलंच कशाला असतं? कुंपणाच्या बाहेरून किती वेळ बघायचं?"

आता रोज असं चाललंय. दुपारी पुरुष बाहेर गेले की त्या दार लोटून घेतात आणि मला बोलावतात. मी ते नाव घेते. त्या ऐकतात. कधी स्वतः म्हणायला जातात, ओठ हलतात, आवाज येत नाही. मग म्हणतात, "राहू दे, तूच म्हण." मी म्हणते. एकदा नाव घेतलेल्या जिभेला पुन्हा घ्यायची भीती राहत नाही. मग त्या काहीबाही सांगतात. ते तरुणपणी घोड्यावरून पडले तेव्हा ओरडले नाहीत, फक्त लाजले. त्यांना कांदा आवडत नसे, पण त्यांनी कधी सांगितलं नाही, पन्नास वर्षं कांदा खाल्ला. मला हे ठाऊक नव्हतं. मीच तर घालत होते कांदा.

काल त्यांनी सांगितलं, "राउशानला लिही. वाट बघतेय म्हणावं. नातू माझ्या मांडीवर घालू दे आता." तेव्हा ये. बर्फ पडायच्या आत ये. बाळाला घेऊन ये, इथे काही आजार नाही. चूल मी पेटवलेली असेल. सगळ्या तुझ्याभोवती जमतील, तू नावं दे, त्यांनी लाजावं, मी काही बोलणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तेव्हा थोडी कुरकुरेन. ती ऐकून घे.

त्यांनी आणखी एक विचारलं. "राउशान आली की तिलाही बसवू या का आपल्यात, दुपारी?" मी लोकर पिंजत राहिले. "बसवू या" असं अजून माझ्याच्यानं म्हणवलेलं नाही.

तू मागशील तर त्या नाही म्हणणार नाहीत. तुझ्या तोंडून ते नाव माझ्यापेक्षा गोड येईल, हे मला माहीत आहे. एकदा त्यांनी तुझ्याकडून ऐकलं की माझ्याकडून पुन्हा कशाला ऐकतील? म्हणून आधीच हात जोडते, राउशान. जगातल्या सगळ्या सारख्या गोष्टी तुझ्या. दुपारी दार लोटलं की तू बाहेर बाळाला खेळव.

बातिमा